रस्ता खोदला की गाड्या जातात कुठे, आणि परत येतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचं घर नाशिकमध्ये म्हसरूळला, नोकरी सातपूर एमआयडीसीत. रोजची वाट दिंडोरी रोड, पंचवटी, रविवार कारंजा, अशोक स्तंभ आणि पुढे त्र्यंबक रोड. या वाटेवर खोदकाम सुरू झालं. पहिले आठ-दहा दिवस जीव नकोसा झाला. मग काम तसंच चालू असताना गर्दी आपोआप ओसरली. त्यांना विचारायचंय की त्या गाड्या गेल्या कुठे, रस्ता पूर्ववत झाला की सगळे परत येणार का, आणि त्यांच्या कंपनीत जनरल शिफ्टची वेळ बदलायचं चाललंय त्याने काही साधेल का.

आधी सरळ उत्तर देतो, पसारा नंतर. काही गाड्या दुसऱ्या रस्त्याने जायला लागल्या, काही दुसऱ्या वेळी निघायला लागल्या आणि थोड्या फेऱ्या लोकांनी मारणंच सोडून दिलं. रस्ता नीट झाला की बहुतेक जण परत येतील, सगळे नाहीत. शिफ्टची वेळ बदलल्याने त्र्यंबक रोडला काही फरक पडणार नाही, तुमच्या माणसांना मात्र पडेल.

वाहतूक नियोजनाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. चौकाचौकांत पोरं बसवून गाड्या मोजायच्या, घरोघरी जाऊन 'काल दिवसभरात कुठे कुठे गेलात' हे विचारून तक्ते भरायचे, असं हे काम. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. अडचण आली की माणूस आधी तेच बदलतो ज्याला पैसे लागत नाहीत आणि ज्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही. गल्ली बदलायला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून ती पहिल्याच दिवशी बदलते. दहा-पंधरा मिनिटं आधी निघणं दोन-तीन दिवसांत सुरू होतं. मग कामांचा क्रम बदलतो: जाताना व्हायचं ते येताना, रोजचं ते शनिवारी. त्यानंतर घरात कोण काय करणार हे बदलतं. गाडी सोडून बस धरणं किंवा बस सोडून गाडी घेणं फार पुढची पायरी, आणि घर नाहीतर नोकरी बदलणं शेवटची. प्रशासनाची आणि वर्तमानपत्रांची नजर मात्र पहिल्या पायरीवरच असते, 'पर्यायी मार्गाचा वापर करावा' एवढ्यावर.

ही उतरंड आपल्याकडचीच आहे असं नाही. १ ऑगस्ट २००७ च्या संध्याकाळी अमेरिकेत मिनिआपोलिसला मिसिसिपी नदीवरचा आय-३५ डब्ल्यू हा महामार्गाचा पूल ऐन गर्दीच्या वेळी कोसळला. १३ माणसं गेली. त्या पुलावरून दिवसाला सुमारे १ लाख ४० हजार वाहनं जात. आमच्या क्षेत्रात या घटनेचा जितका कीस पाडला गेला तितका क्वचितच कशाचा पाडला गेला असेल. कारण साधं आहे. तिथल्या रस्त्यांत गाड्या मोजणारी यंत्रं आधीपासून बसवलेली होती, त्यामुळे पूल असतानाचा आणि नसतानाचा हिशेब शेजारी शेजारी ठेवता आला. विस्कटलेली घडी पुन्हा बसायला काही आठवडे लागले. बहुतेकांनी रस्ता बदलला किंवा निघायची वेळ बदलली, गाडी घरी ठेवून बसकडे वळलेले थोडेच. गमतीचा भाग असा की सुरुवातीला लोकांनी पुलाच्या आजूबाजूचा सगळा परिसरच टाळला, जिथे रस्ते मोकळे होते तोही. धीर चेपल्यावर हळूहळू ते तिकडे फिरकू लागले.

तुमचे पहिले आठ-दहा दिवस यावरून समजून घ्या. पहिल्या दिवशी सगळ्यांना एकच पर्याय सुचतो, जो सगळ्यांना माहीत असतो तो. पंचवटीतून रविवार कारंजाकडे आणणाऱ्या होळकर पुलाकडची वाट अडली की जो तो रामवाडीच्या पुलाकडे वळतो आणि तिथे मुंगी शिरणार नाही अशी अवस्था होते. चार दिवसांत काहींना सुचतं की मखमलाबादकडून गंगापूर रोडला उतरता येतं. काहींना उलट्या बाजूने कन्नमवार पूल आणि मुंबई नाका परवडतो, लांब पडला तरी. आणि काही जण, हे नेहमीच घडतं, एक दिवस सहज खोदलेल्या रस्त्यानेच जाऊन बघतात आणि ऑफिसात सांगतात, 'काही नाही हो, एवढी गर्दी नाही तिथे.' हे सगळं निस्तरायला दोन-तीन आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यातली कोंडी हे कामाचं खरं चित्र नसतं आणि चौथ्या आठवड्यातला सुकाळ हे वाहतूक पोलिसांचं यश नसतं. त्यांना श्रेय घेऊ द्या, बिचाऱ्यांच्या वाट्याला एरवी शिव्याच येतात.

नाशिकमध्ये हे मिनिआपोलिसपेक्षा लवकर घडतं, कारण आपलं शहर दुचाकीवर चालतं. चारचाकीला वाट बदलायची तर दुसरा मोठा रस्ता लागतो. दुचाकीला जुन्या नाशकातलं कुठलंही बोळ पुरतं. डिसेंबर २०१७ मध्ये गुगल मॅप्सने दुचाकीसाठी वेगळा मार्ग दाखवायला भारतातच सुरुवात केली, तेव्हापासून ज्या गल्ल्या फक्त तिथे राहणाऱ्यांनाच ठाऊक होत्या त्या सगळ्यांच्या झाल्या. मोठ्या चौकात बसून मोजणाऱ्याला वाटतं गाड्या गायब झाल्या. त्या गायब होत नाहीत, झिरपतात.

झिरपतात कुठे ते पाहायचं असेल तर खोदलेल्या रस्त्याला समांतर असलेल्या कुठल्याही कॉलनीत सकाळी साडेआठला उभे राहा. एरवी त्या रस्त्यावर दूधवाला, भाजीची हातगाडी आणि शाळेची रिक्षा. आता दर काही सेकंदाला एक दुचाकी, हेल्मेट हँडलला अडकवलेलं, ऑफिसची बॅग पुढे, नजर घड्याळावर. आठवड्याभरात कोपऱ्यावरच्या बंगल्यासमोर कुंड्यांची रांग रस्त्यात सरकते. मग रंगाचा रिकामा डबा, त्यात सिमेंट, त्यात उभी काठी. एके सकाळी रस्त्यात आडवा उंचवटा दिसतो. तो रात्रीतून कुणी घातला हे कुणालाच माहीत नसतं आणि त्यावर पांढरे पट्टे नसल्याने पहिला आपटणारा माणूस बहुधा कॉलनीतलाच असतो. मुख्य रस्त्यावरच्या कामाच्या खर्चात हा खर्च कुठेच धरलेला नसतो. मोजणीतही तो येत नाही, कारण मोजणारी पोरं आम्ही चौकात बसवतो, कॉलनीत नाही.

म्हणून 'गाड्या गेल्या कुठे' याचं उत्तर एका चौकात मिळत नाही. नाशिकला गोदावरीने मोठी सोय करून ठेवली आहे. पंचवटीकडून इकडे यायचं तर नदी ओलांडावीच लागते आणि ओलांडायला पूल ठरावीकच आहेत. सगळ्या पुलांवर एकाच दिवशी, सकाळपासून रात्रीपर्यंत मोजलं की कळतं किती जण नुसते एका पुलावरून दुसऱ्यावर गेले, किती जण आठच्या ऐवजी साडेसातला आले आणि किती आलेच नाहीत. काम सुरू होण्याआधी अशी एक मोजणी करून ठेवणं ही अगदी किरकोळ खर्चाची गोष्ट आहे. ती क्वचित होते, कारण निविदेत ती कुणी टाकत नाही.

आता त्या 'आलेच नाहीत'बद्दल. ब्रिटनमध्ये १९९८ साली, आणि भर घालून पुन्हा २००२ मध्ये, फिल गुडविन आणि सहकाऱ्यांनी रस्ता बंद झाल्याची किंवा अरुंद केल्याची जगभरातली साठाहून जास्त उदाहरणं गोळा करून तपासली. आजूबाजूचे रस्ते धरूनही वाहतूक सरासरी २२ टक्क्यांच्या आसपास घटलेली दिसली. सरासरी काही टोकाच्या उदाहरणांनी फुगली होती. मधलं उदाहरण घेतलं तर घट सुमारे ११ टक्के. म्हणजे शंभरातल्या दहा-अकरा गाड्या खरोखरच कुठे दुसरीकडे सापडल्या नाहीत. हा आकडा नाशिकला जसाच्या तसा लावू नका, शहरं वेगळी, सवयी वेगळ्या. पण कुठल्या फेऱ्या गळतात ते इथेही तसंच आहे. कामावर जाणं गळत नाही, शाळा गळत नाही, दवाखाना गळत नाही. गळतात त्या संध्याकाळच्या फेऱ्या, 'जरा मेनरोडला जाऊन येऊ' अशा. म्हसरूळ-मेरी भागातल्या माणसाला कापडासाठी, भांड्यांसाठी, चष्म्यासाठी एमजी रोडला यायची सवय असते. दोन महिने रस्ता नकोसा झाला की तो चष्मा दिंडोरी रोडलाच करून घेतो आणि त्याला कळतं की तिथेही चांगला होतो.

त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ या १.१ किलोमीटरच्या स्मार्ट रोडच्या वेळी हे शहराने पाहिलं. काम २०१८ मध्ये सुरू झालं आणि २०२० उजाडलं तरी चाललंच होतं. त्या तुकड्यावर काय नाही? सीबीएस बसस्थानक, जिल्हा न्यायालय, जिल्हाधिकारी कार्यालय, मेहेर चौक आणि तिथून फुटणारा एमजी रोड. न्यायालयात तारीख असणारा माणूस रस्ता कसाही असला तरी येतोच, पक्षकाराला पर्याय नसतो. पण केवळ खरेदीला किंवा चहाला येणारा येत नाही. दुकानदार रस्ता झाल्यावर गिऱ्हाईक परत येईल या हिशेबाने थांबतो. प्रत्यक्षात गिऱ्हाईक रुसलेलं नसतं, ते दुसरीकडे रुळलेलं असतं.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण निर्णय घेणाऱ्यांच्या ती गळी उतरत नाही. काम किती मोठं आहे यापेक्षा ते कधी संपणार हे लोकांना माहीत आहे की नाही, यावर सवयी ठरतात. २०१५ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी शहराचा मोठा भाग वाहनांना बंद होता. पहिल्या पर्वणीला बॅरिकेड फारच झाले अशी ओरड झाली आणि पुढे ते सैल करावे लागले. इतकी मोठी उलथापालथ होऊनही नाशिककरांच्या रोजच्या सवयीत त्यातून काही उरलं नाही. उद्या हे संपणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोकांनी किराणा आधी भरला, रजा टाकली, पाहुणे घरीच होते, दिवस निभावला. ४ ऑगस्ट २०१९ ला गोदावरीला पूर आला तेव्हाही तेच. गोदाकाठची दुतोंड्या मारुतीची मूर्ती किती बुडाली यावरून पाणी मोजणारं हे शहर, पुराचा दिवस कसा काढायचा ते त्याला शिकवावं लागत नाही.

उलट 'तीन महिन्यांत पूर्ण' असा फलक लावून काम वर्षभर लांबलं की माणूस निभावणं सोडतो आणि बदलतो. प्रत्येक हुकलेल्या तारखेबरोबर काही घरं पुढच्या पायरीवर जातात. पहिली तारीख हुकली की क्लास बदलतो, दुसरी हुकली की मुलाची शाळेची रिक्षा बदलते, तिसरी हुकली की दुसरी गाडी येते. म्हणून माझं मत असं की लांबची पण खरी तारीख लावावी. 'नऊ महिने लागतील' असं सांगून साडेआठ महिन्यांत संपलेलं काम लोक माफ करतात.

घरं पायऱ्या चढतात म्हणालो, ते जरा जवळून दाखवतो, कारण चौकातल्या मोजणीत हे दिसत नाही. घरोघरच्या चौकशीत आम्ही फॉर्म घेऊन बसतो. घरातला पुरुष माणूस समोर येतो आणि सांगतो, 'माझं काही बदललं नाही, पंधरा मिनिटं आधी निघतो एवढंच.' फॉर्मवर तेवढंच लिहून उठलं तर काम सोपं असतं. पण आतून आवाज येतो, 'एवढंच कसं? डबा पंधरा मिनिटं आधी लागतो.' मग उलगडत जातं. डबा आधी म्हणून कणीक रात्रीच मळून ठेवायची. सकाळी नळाला पाणी यायची वेळ आणि पोळ्यांची वेळ आता एकच झाली, म्हणून पाणी भरायचं काम सासऱ्यांकडे गेलं. पूर्वी हे जाताना मुलीला शाळेत सोडायचे. आता तो रस्ता वाटेत येत नाही, म्हणून रिक्षावाले काका लावले, महिन्याचा तो खर्च वाढला. त्या स्वतः पूर्वी दुपारी सिटीलिंकच्या शहर बसने शालिमारला जाऊन येताना भाजी आणायच्या, आता दारावरची घेतात, महाग पडते. एका माणसाच्या पंधरा मिनिटांमागे चार माणसांचा दिवस हललेला असतो. रस्ता उघडला की तो माणूस जुन्या वाटेने जाऊ लागेल, पण रिक्षावाल्या काकांना वर्षाचं सांगून ठेवलेलं असतं, ते लगेच सुटत नाही. सवय एकट्या माणसाची नसते, घराची असते, आणि घराची घडी मोडायला आणि बसायला दोन्हीला वेळ लागतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, परत येतात का. रस्ता पुन्हा मोकळा झाला की तिघे परततात, असं अँथनी डाउन्स या अमेरिकी अभ्यासकाने फार पूर्वी मांडून ठेवलं आहे: दुसऱ्या रस्त्याने जाणारे, दुसऱ्या वेळी जाणारे आणि दुसऱ्या साधनाने जाणारे. रुंद, गुळगुळीत झालेला रस्ता पहिल्या महिन्यात स्वर्ग वाटतो आणि वर्षभरात पुन्हा भरतो तो यामुळेच. मुंबई-आग्रा महामार्गावरचा आपला सुमारे सहा किलोमीटरचा उड्डाणपूल २०१३ साली खुला झाला. धुळ्याकडे जाणारे ट्रक वरून गेले, खाली जागा झाली आणि ती जागा शहरातल्या गाड्यांनी बघता बघता भरून काढली. द्वारका चौकात आज उभं राहणाऱ्याला वर उड्डाणपूल आहे हे सांगितल्याशिवाय पटणार नाही.

पण सगळे परतत नाहीत, आणि न परतणाऱ्यांचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार म्हणजे ज्यांना चुकून चांगली वाट सापडली ते. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवसांचा संप झाला, बरीच स्थानकं बंद राहिली. लोकांना भलत्याच वाटेने कामावर जावं लागलं. तिकीट-कार्डांच्या नोंदींवरून नंतर पाहिलं तर संप मिटल्यावर सुमारे ५ टक्के प्रवासी जुन्या वाटेवर परतलेच नाहीत. वर्षानुवर्षं रोज जाणारी माणसं, आणि त्यांना स्वतःची सर्वात सोयीची वाट माहीत नव्हती. त्याचं एक कारण असं निघालं की तिथला प्रसिद्ध रेल्वे नकाशा अंतरं खरी दाखवत नाही. नकाशा जिथे जास्त फसवा, तिथे नवी वाट पकडणारेही जास्त. जपानमध्ये ओसाकाजवळ १९९८ साली द्रुतगती मार्ग आठ दिवस दुरुस्तीसाठी बंद होता, तेव्हाही असंच काहीसं दिसलं. गाडीने जाणाऱ्यांनी बस-रेल्वेला लागणारा वेळ मनात खऱ्यापेक्षा जास्त धरलेला होता. नाइलाजाने प्रवास केल्यावर तो अंदाज दुरुस्त झाला, आणि ज्यांचा दुरुस्त झाला त्यांच्यातले काही पुढेही तसे जात राहिले.

नाशकात असं होईल का? वाटांच्या बाबतीत होईल, होतंच. बसच्या बाबतीत मला फार आशा नाही, आणि याचा दोष प्रवाशांना देता येत नाही. महापालिकेची सिटीलिंक ८ जुलै २०२१ ला सुरू झाली. त्याआधी शहर बस एसटी चालवायची. गाड्या चांगल्या आहेत. पण मधूनमधून वाहकांचं कामबंद होतं आणि सकाळी थांब्यावर उभा असलेला माणूस तसाच राहतो. बसला एक संधी देणाऱ्या नव्या माणसाची बस नेमकी त्या दिवशी आली नाही, तर तो पुन्हा वर्षभर थांब्याकडे बघत नाही. रस्ता अडतो तेव्हा लोक दोन-तीन आठवडे काहीही करून बघायला तयार असतात. त्या काळात बस भरवशाची असली तर काही जण टिकतात. तो काळ उलटल्यावर जाहिराती लावून काही होत नाही. आणि बस त्याच खड्ड्यात, त्याच कोंडीत उभी असेल तर माणूस स्वतःच्या दुचाकीवर उभा राहणं पसंत करेल, निदान ती कडेने काढता तरी येते.

दुसरा न परतणारा म्हणजे ज्याचे पैसे अडकले तो. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. सिन्नर, दिंडोरी, त्र्यंबक, निफाड इकडून नाशकात रोज येणारी कॉलेजची मुलं, दुकानातले कामगार, दवाखान्यातल्या परिचारिका आधी काळीपिवळीत कोंबून आल्या. मग कुणी नाशकात कॉट बेसिसवर खोली घेतली. कुणाच्या वडिलांनी द्राक्षाच्या पैशातून जुनी दुचाकी घेऊन दिली. संप मिटला, लाल गाडी परत सुरू झाली. पण हप्ता चालू असलेली दुचाकी दारात उभी करून पासाच्या रांगेत कोण उभं राहणार? वाट बदललेला माणूस परततो, वेळ बदललेला परततो, वस्तू घेतलेला परतत नाही. लांबलेल्या रस्त्याच्या कामालाही हेच लागू आहे. शहरात दुचाक्या का वाढतात याची चर्चा करताना अडलेल्या रस्त्यांचं आणि बंद पडलेल्या बसचं नाव कुणी घेत नाही.

मुंबईला रोज जाणाऱ्या नाशिककरांचं उदाहरण वेगळं आहे, जाता जाता सांगतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि कसारा घाटाला पर्याय मिळाला. स्वतःच्या गाडीने अधूनमधून जाणाऱ्यांनी तो लगेच धरला. पंचवटी एक्स्प्रेसचा पासधारक मात्र सहजासहजी हलणार नाही. त्याची जागा ठरलेली, सोबतची माणसं ठरलेली, पत्त्यांचा डाव ठरलेला. रस्ता कितीही वेगवान झाला तरी तो डाव गाडीत मांडता येत नाही.

आता तुमच्या घरापुरतं. कोंडीमुळे सापडलेली वाट सोडण्याआधी एकदा मोजून बघा. घराच्या दारापासून कंपनीच्या गेटपर्यंत, पार्किंग आणि गेटावरची पंच मशीनची रांग धरून. माणसाला चालत्या गाडीवरचा वेळ कमी वाटतो आणि सिग्नलला थांबलेला दुप्पट वाटतो, त्यामुळे मनातला हिशेब बहुतेक वेळा फसतो. मखमलाबादकडची वाट अंतराने जास्त आहे म्हणून ती उशिरा पोचवते असं नाही, आणि सिग्नल कमी म्हणून ती लवकर पोचवेलच असंही नाही. घड्याळ लावा. पाऊस असताना एकदा वेगळं मोजा, कारण पावसात नाशकातला प्रत्येक हिशेब बदलतो. रस्ता उघडला की पहिल्या आठवड्यात जुन्या वाटेकडे धावू नका, तेव्हा सगळेच कुतूहलाने तिकडे जातात.

कंपनीचं शेवटी घेतो, कारण तिथेच काही ठोस करता येईल. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांची सुटायची वेळ थोड्या फार फरकाने सारखी आहे. एका कंपनीने अर्धा तास मागेपुढे केलं तर रस्त्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. परिसरातल्या मोठ्या कारखान्यांनी मिळून तीन टप्प्यांत सुटी केली तर रस्त्यालाही कळेल, पण ते घडवायला कारखानदारांच्या संघटना आणि एमआयडीसी एका टेबलावर बसवावे लागतात. तोपर्यंत थांबायचं कारण नाही. तुमच्या माणसांना कोंडीच्या आधी काढणं एवढा उद्देश ठेवा आणि सगळ्यांची वेळ एकदम बदलू नका. जनरल शिफ्टला सकाळी पाऊण तासाची मुभा द्या: या वेळेत कधीही या, तेवढे तास भरून जा. मशीनवर लाइन चालवणाऱ्यांना ही मुभा देता येत नाही, त्यांच्यासाठी कंपनीची बस पंचवटीच्या बाजूने सुरू करता येते का पाहा. भाड्याची छोटी बस चालेल, पण ती पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली पाहिजे आणि एकही दिवस चुकता कामा नये. तिसऱ्या महिन्यात सुरू केलीत तर अर्धी रिकामी धावेल आणि मॅनेजमेंट म्हणेल कामगारांनाच नको आहे.

मुभा देण्याआधी एक छोटी पाहणी करा, त्याला सल्लागार लागत नाही. 'वेळ बदलली तर चालेल का' असं विचारू नका, त्याला सगळे 'चालेल' म्हणतात, साहेबासमोर तर नक्कीच. विचारायचं ते असं: घरातून किती वाजता निघता, तुमच्या आधी आणि तुमच्या नंतर घरातून कोण निघतं, आणि मुलांना शाळेत कोण सोडतं. स्त्री कर्मचाऱ्यांना हे प्रश्न वेगळे बसून विचारा, एचआरमधल्या बाईंनी विचारले तर उत्तम. सकाळची शाळा सातला असलेल्यांना लवकरची वेळ सोयीची पडेल, साडेअकराची शाळा असलेल्यांना ती अजिबात जमणार नाही. अशा दोन गटांत माणसं विभागलेली दिसली की वेळेचे दोन गट तिथेच तयार होतात. तक्ता गेटाजवळच्या बोर्डावर लावा आणि त्यावर 'रस्त्याचं काम संपेपर्यंत' असं लिहू नका. सरळ तारीख लिहा, सहा महिन्यांनंतरची, म्हणजे लोकांना रिक्षा आणि क्लास त्याप्रमाणे लावता येतील.